पाटलांच्या बागेतली मखमल

कोरीटच्या हिंमतराव पाटलांना रावसाहेब व्हायचं होतं. पाटीलकी वाडवडिलांपासून चालत आलेली होती, काळी कसदार जमीन होती, दारात घोडी होती, मराठी सातवी पास झाल्याचा दाखला काचेत घालून ओसरीवर टांगलेला होता. पण ही सगळी जन्माबरोबर किंवा फार तर मास्तरच्या छडीबरोबर मिळालेली दौलत. रावसाहेब ही पदवी कशी, सरकार आपल्या हाताने देतं, आणि ती नावाच्या पुढे बसते, मागे नाही. शिरपूरकडच्या एका जमीनदाराला ती मिळाल्याचं कानावर आलं, तेव्हापासून पाटलांना जेवण गोड लागेनासं झालं. म्हणजे भाकरी पूर्वीइतक्याच जायच्या, फक्त गोड लागायच्या नाहीत, असं त्यांच्या बायकोचं, धनुबाईचं म्हणणं होतं.

पदवी मिळवायची कशी, याचा शोध पाटलांनी नंदुरबारच्या कचेरीतल्या जाणत्या मंडळींकडे घेतला. त्यांनी सांगितलं की सारा वेळेवर भरणं, चोर पकडून देणं, तगाईचं सरकारी कर्ज वाटायला मदत करणं यातलं काही साहेबाच्या लक्षात राहत नाही. साहेबाच्या लक्षात राहतो तो मुक्काम. थंडी पडली की प्रांतसाहेब तंबू घेऊन दौऱ्यावर निघतात, गावोगावी उतरतात, आणि जिथे मडम खुश होते तिथलं नाव धुळ्याला कलेक्टरापर्यंत जातं. यंदाच्या साहेबाची मडम नवी होती, विलायतेहून येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, आणि तिला फुलांचं वेड होतं. खानदेशात आल्यापासून आपल्याला बाभळीशिवाय काही दिसलं नाही, असं ती कुणाजवळ तरी म्हणाली होती. हे ऐकून पाटील घोडीवर बसले ते कपाशीचा भाव विचारायचं विसरून गावी आले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दसऱ्याच्या आधीच पुण्याहून बियाण्यांचं एक चित्रांचं पुस्तक आलं, आणि पाठोपाठ नंदुरबार स्टेशनावर एक पार्सल उतरलं. पुस्तक इंग्रजी होतं. पाटलांचं इंग्रजी सही करण्यापुरतं असल्यामुळे शाळेचे मास्तर रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन ते वाचायचे आणि चहा प्यायचे. थंडीतली बाग कशी करावी याचं सगळं शास्त्र त्यात होतं. उंच झाडं मागे, बुटकी पुढे. लाल रंगाशेजारी गुलाबी लावू नये, ते एकमेकांशी भांडतात. पांढरा सगळ्यांत मिसळतो. धनुबाई आतून ऐकत असायची. तिच्या दोन जावा आणि एक नणंद लाल-गुलाबीच्याही वरताण भांडायच्या, त्यांच्यात कुणाला उभं करावं हे मात्र पुस्तकात नव्हतं.

आता बाग करायची तर जागा हवी, आणि पाणी जवळ हवं. घरापुढे विहिरीलगत तसा एकच तुकडा होता, आणि त्यात धनुबाईची वाडी होती. वांगी, मेथी, लसूण, कोथिंबीर, कडेने वालाचा वेल. थंडीत घरातली निम्मी भाजी तिथून यायची. पाटलांनी बायकोला विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. त्यांनी विचारलं. फक्त ते विचारत होते तेव्हा सालदार भिला तिथे नांगर जुंपून उभा होता. धनुबाईने मागच्या दारी चार हात जागेत वांग्यांची रोपं उचलून लावली. नवऱ्याशी भांडायचं तिचं एक तंत्र होतं. ती लगेच भांडत नसे, साठवून ठेवत असे.

बाग मात्र झाली. हे कबूल करायला हवं, कारण नंतर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं. पाटलांनी त्या रोपांची जेवढी उस्तवार केली तेवढी पोटच्या पोरांची केली नव्हती. पहाटेच्या गारठ्यात उठून स्वतः झारीने पाणी घातलं, दुपारच्या उन्हासाठी तुरखाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, आडोसे केले. मार्गशीर्षात सगळं फुललं. मागे हॉलीहॉकच्या कमरेएवढ्या काठ्या, मध्ये निळे लार्कस्पर, पुढे फ्लॉक्स आणि पॅन्सी. भिला त्यांना अनुक्रमे हालीहाक, लारकाका, फलाक्स आणि पानशी म्हणायचा, आणि लारकाकांना नमस्कार करूनच पाणी घालायचा. गावातले लोक येऊन बघून जायचे. यातलं काय खातात, असं प्रत्येकाने एकदा तरी विचारलं. काही खात नाहीत म्हटल्यावर मग ते पाटलांकडे बघायचे.

साहेब आले. गावाबाहेर आमराईत तंबू पडले. मडमने बाग पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांचा मुक्काम आठवड्यावर गेला. पाटलांना आभाळ ठेंगणं झालं. धनुबाईला मात्र आठवडा फार लांब वाटला, कारण साहेब मुक्कामाला येतो म्हणजे एकटा येत नाही. त्याच्यामागे पट्टेवाले, खानसामे, मोतद्दार, गाडीवान असा गाव असतो, आणि त्या गावाचा राजा असतो साहेबाच्या कचेरीतला मुख्य कारकून, शिरस्तेदार.

हा शिरस्तेदार एक गोरा, गोल, मृदू बोलणारा गृहस्थ होता. त्याने कधी कुणाला शिवी दिली नाही. तो फक्त 'साहेबांना लागेल' एवढंच म्हणायचा. साहेबांना तूप लागेल. साहेबांना कोंबड्या लागतील. साहेबांना हरभऱ्याचे घाटे, गूळ, दही, मध, आणि झोपायला कापसाची नवी गादी लागेल. साहेब बिचारा सकाळी उकडलेलं अंडं आणि रात्री सूप एवढ्यावर जगणारा हाडकुळा माणूस. त्याला लागणारं सगळं शिरस्तेदाराच्या अंगाला लागत होतं. विहिरीजवळच्या निंबाखाली तो खुर्ची टाकून बसायचा आणि तिथूनच गावाचं दूधदुभतं हलवायचा. शेजारच्या गजराबाईची एकुलती एक अंड्यावरची कोंबडी त्याने उचलून नेली तेव्हा ती पाटलांच्या दारात येऊन म्हणाली की, पाटील, तुमच्या फुलांनी माझी कोंबडी खाल्ली. पाटलांनी ते हसण्यावारी नेलं. धनुबाईने नेलं नाही. तिने आपल्या खुराड्यातली कोंबडी गजराबाईला दिली आणि स्वतःच्या साठ्यात आणखी एक गोष्ट टाकली.

त्या आठवड्यात धनुबाईकडे माणूस म्हणून बघायला एकच जण आलं, ते म्हणजे मडम. मागच्या दाराने ती एकटीच आली आणि चार वांग्यांच्या झाडांपुढे उकिडवी बसली. मुनशीकडून शिकलेलं मराठी तिने जपून बाहेर काढलं. "आपले कुटुंब कुशल आहे काय?" असं तिने विचारलं. धनुबाईने आयुष्यात असं मराठी फक्त दवंडीत ऐकलं होतं. ती म्हणाली, "बठ माय," आणि पाट पुढे सरकवला. मडमला ते कळलं नाही, पण पाट कळला. धनुबाईने मिरचीचं झणझणीत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. मडमने ती हाताने खाल्ली, तिच्या डोळ्यांतून नाकातून पाणी वाहिलं, आणि ते पुसत ती हसत राहिली. बाईचं वय फार नव्हतं. एवढ्या लवाजम्यात तिच्याशी गप्पा मारायला कुणी नव्हतं, हे समजायला भाषा लागली नाही.

निघताना मडमने बागेबद्दल आपलं मत दिलं. रंग अप्रतिम आहेत, पण थंडीच्या बागेला नुसता रंग पुरत नाही, टेक्श्चर हवं, ते इथे थोडं कमी पडतं. शिरस्तेदाराने त्याचा तर्जुमा केला, "पोत कमी आहे." पाटलांनी हात जोडले आणि पुढच्या थंडीपर्यंत पोत हजर करतो असं वचन दिलं.

झालं. मडम गेली आणि पोत मागे राहिला. पोत म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी जमिनीचा. पाटलांनी त्या तुकड्यात शेणखताच्या गाड्यांवर गाड्या ओतल्या. मग मास्तरांनी पुस्तकात पाहून सांगितलं की तसा नव्हे, पानाफुलांचा पोत. काही पानं गुळगुळीत असावीत, काही खरखरीत, काही लवदार, म्हणजे हात फिरवावासा वाटला पाहिजे. त्यानंतर पाटील भेटेल त्या झाडावर हात फिरवत हिंडू लागले. घायपात झाली, निवडुंग झालं, कोरफड झाली. रुईच्या पानांवरची पांढरी लव त्यांना जरा पसंत पडली, पण मारुतीला वाहायचं पान मडमपुढे कसं ठेवायचं? जेवताना, झोपताना, कपाशीच्या सऱ्या ओढताना त्यांच्या तोंडी पोत. इकडे गावात बोलणं निराळंच होतं. यंदा पुन्हा तंबू पडले तर दूध काढून ओढ्यात ओतू, पण देणार नाही, असं लोक पारावर बसून म्हणत, आणि पाटील दिसले की गप्प होत.

आषाढातल्या एका सकाळी न्याहारीच्या वेळी पाटलांनी पुन्हा तोच विषय काढला. एकदा हात लावला की मडमला लावतच राहावंसं वाटेल, असं झाड कुठलं, असं ते विचारत होते. धनुबाईने तव्यावरची भाकरी उलटली. तिचा साठा त्या दिवशी थोडा उतू गेला.

"पोतच पाहिजे ना तुम्हले? मंग खाजकुइली लावा. मखमलपेक्षा मऊ शे ती."

बोलून ती मोकळी झाली. टोमणा मारला की तो समोरच्याला लागतो, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती. पाटलांनी घास तसाच हातात धरला आणि विचारात पडले. खाजकुइली. पावसात वर चढणारा वेल, दिवाळीच्या सुमाराला जांभळ्या फुलांचे घोस, आणि थंडी पडली की सोनेरी मखमलीच्या शेंगा. रंगही आणि पोतही. त्या शेंगांवरची लव, म्हणजे कूस, अंगाला लागली की माणूस कपडे फाडतो, हे खरं, पण डोंगरात तिचीच एक बिनखाजेची जात असते, लोक तिचं बी उकडून खातात, हेही त्यांनी ऐकलं होतं. ते आनंदाने उठले आणि म्हणाले की बायकोचं डोकं कधी कधी चालतं. धनुबाई बघतच राहिली.

नवापूरच्या डोंगरातून निंदणीला दरसाल बायका यायच्या, त्यांत बुधीबाई म्हणून एक वयस्क बाई होती. पाटलांनी तिला खाजकुइलीचं बी आणायला सांगितलं; डोंगरातलं म्हणजे ते बिनखाजेचंच असणार, असं ते धरून चालले. बुधीबाई गावाकडे जाऊन आली आणि फडक्यात बी बांधून आणलं. ते तिने धनुबाईच्या हातात दिलं आणि आपल्या बोलीत विचारलं की हे कशाला हवंय, कारण खायची जात वेगळी, आणि हे बी त्या जातीचं नव्हे. पाटलांनी खाजकुइली मागितली म्हणून तिने खाजकुइली आणली होती. धनुबाईने फडकं उलगडून पाहिलं. निंबाखालची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर आली, खुर्चीतला गोल गृहस्थ आला, गजराबाईची कोंबडी आली. पाटलांनी मागितलं तेच बरोबर आहे, असं ती बुधीबाईला म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. एखादी गोष्ट न सांगणं हे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिने पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. एवढं समजवावं लागलं यावरून काय ते ओळखावं.

विहीर आणि निंबाच्या मध्ये बांबूचा मांडव झाला. वेल चढला, पसरला. कार्तिकात जांभळे घोस लोंबले आणि मग शेंगा धरल्या, सोनेरी, लुसलुशीत, उन्हात चमकणाऱ्या. पाटलांनी त्याचं नाव 'व्हेलवेट क्रीपर' ठेवलं. आपल्या वेलाला खाज नाही असं ते सगळ्यांना सांगत, आणि सगळे माना हलवत. मात्र गावात विहिरीवर जायची पायवाट बदलली. बायका मांडवाला लांबचा वळसा घालून पाणी नेऊ लागल्या. पाटलांच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, फक्त तो हात लावून तपासायची कुणाची तयारी नव्हती. आणि यंदा शिरस्तेदारसाहेबांची खुर्ची मांडवाखाली टाकायची, तिथे सावली दाट आहे, असं पाटलांनी भिलाला सांगितलं तेव्हा भिलाला अचानक खोकल्याची उबळ आली.

पौष लागताना साहेब आले. मुक्कामाच्या पहिल्याच दुपारी पाटील साहेबाला आणि मडमला घेऊन बागेत शिरले. मास्तर मागे, शिरस्तेदार बाजूला, आणि गाव कुंपणाबाहेर बऱ्याच अंतरावर. धनुबाई ओसरीच्या खांबाआड पदर ओढून उभी होती. साहेबलोक असताना पाटलीणबाईंनी पुढच्या अंगणात यायचं नाही, ही घरची रीत होती, आणि ती तिने कधी मोडली नव्हती.

शिरस्तेदार खुर्चीकडे वळेल असा तिचा हिशेब होता. तो वळला नाही. त्याला आधी चहा लागणार होता. मडम मात्र फ्लॉक्स नाही, पॅन्सी नाही, सरळ मांडवाकडे गेली. वर्षभर जणू ती याच गोष्टीची वाट बघत होती. तिने हातमोजा काढला, मान वर केली, आणि शेंगांच्या घोसाकडे हात नेला.

धनुबाईच्या मनात तेव्हा काय आलं ते तिला नंतर धड सांगता आलं नाही. पाटावर बसून नाक पुसणारी ती बाई आली असेल. ती खांबाआडून निघाली ती बागेतून, सगळ्या पुरुषांमधून, पॅन्सी तुडवत धावली. पदर कुठे गेला ते तिला कळलं नाही. "हात लावू नका, बाई!" असं ती ओरडली. मडमला वाटलं, फूल तोडू नका म्हणते आहे. ती हसून म्हणाली, "मी केवळ स्पर्श करीत आहे," आणि तिने तो केला. धनुबाईने तिच्या मनगटाला धरून जोरात मागे ओढलं. घोस हलला. मडमच्या बोटांवर, मनगटावर, गळ्यावर आणि धनुबाईच्या उघड्या दंडांवर सोनेरी कूस उतरली, अगदी अलगद. तेवढा पोत खरोखरच कुठल्या फुलाला नाही.

पुढचा प्रकार वाईट होता. मडम किंचाळली. साहेब धावला, काय झालं ते त्याला कळेना. खानसाम्याने पाणी आणलं, तर धनुबाईने ते त्याच्या हातातून उडवलं, कारण पाण्याने चोळलं की कूस आणखी पसरते. तिने मडमला खांद्याला धरून गोठ्यात नेलं, गाईचं ताजं शेण घेतलं, आणि खुद्द प्रांतसाहेबाच्या बायकोच्या गळ्याला, गालाला, हातांना ते थापलं. मग स्वतःच्या दंडांना लावलं. वाळलं की खरवडायचं, कूस त्याबरोबर निघते. साहेब गोठ्याच्या दारात उभा राहून काहीतरी बोलत होता, पण धनुबाईने त्याला बाहेर व्हायची खूण केली आणि तो झाला. दोघी गव्हाणीजवळ शेण वाळायची वाट बघत बसल्या, दात आवळून. मडमच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. धनुबाईच्याही लागल्या, पण त्या सगळ्या खाजेच्या नव्हत्या. हिने काय घोडं मारलं होतं माझं, असं तिला वाटत होतं. ज्याच्यासाठी मांडला होता तो यज्ञ, तो बाहेर चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी बसली. मडमचा गळा लाल होता, पण ती खुर्चीवर बसली होती. साहेब फार कमी बोलला, म्हणून जास्त भीती वाटली. हा वेल कुणी लावला, एवढंच त्याने विचारलं. पाटील मास्तरांकडे बघू लागले. शिरस्तेदाराने आपल्या मृदू आवाजात सुचवलं की पाटील भला माणूस आहे, कुणा डोंगरातल्या बाईने बी आणून दिल्याचं कळतं, तिला धरून आणून कोठडीत टाकलं की प्रकरण मिटेल. कापूस वेचणीला आलेली बुधीबाई तेव्हा खळ्यात कापसाचं गाठोडं रिकामं करत होती. साहेब मान हलवणार, एवढ्यात धनुबाई उंबरा ओलांडून पुढे आली.

"कोनले धराणं नही. ती येल मी लायेल शे."

पाटलांनी डोळे मिटून घेतले. शिरस्तेदाराने तर्जुमा केला, आणि यावेळी अगदी बरोबर केला. मग मडम बोलू लागली. इंग्रजीत बोलली, पण सारांश मास्तरांनी नंतर गावभर सांगितला. ही बाई मला वाचवायला धावली, स्वतःचे हात भाजून घेतले, आणि आता एका गरीब मजूर बाईला वाचवायला खोटा गुन्हा अंगावर घेते आहे. जिने मुद्दाम लावला ती असा त्यात हात घालेल का? साहेबाला ते पटलं. विलायतेच्या तर्कशास्त्रापुढे नुसत्या कबुलीजबाबाला काय किंमत असणार? धनुबाईने दोनदा सांगून पाहिलं, मीच लावला. दर वेळी मडमच्या डोळ्यांतला आदर वाढतच गेला. शेवटी तिने नाद सोडला. खरं बोलून इतकं लाजायची पाळी तिच्यावर आयुष्यात आली नव्हती.

निकाल असा झाला की हा वेल ताबडतोब काढून टाकावा आणि शिरस्तेदाराने स्वतः उभं राहून ते काम करून घ्यावं. भिलाने घोंगडी डोक्यावरून लपेटली, लांब बांबूला विळा बांधला आणि उत्तरेच्या अंगाला उभा राहिला. शिरस्तेदारसाहेबांना ऊन लागू नये म्हणून त्याने अदबीने त्यांची खुर्ची दक्षिणेला, निंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. पौषातला वारा कुठून कुठे वाहतो हे खानदेशात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण शिरस्तेदार पुण्याकडचा होता. मांडव कोसळला तेव्हा उन्हात सोन्याची धूळ उडाल्यासारखी दिसली. फार सुंदर दिसली म्हणतात. त्यानंतर त्या मृदू गृहस्थाच्या तोंडून ज्या शिव्या बाहेर पडल्या त्या कोरीटच्या लोकांनी जन्मात ऐकल्या नव्हत्या. त्याला शेण लावायला गजराबाई पुढे झाली. तिने हात राखून काही लावलं नाही.

तंबू त्याच दिवशी उठले. मडमने जाताना धनुबाईचे दोन्ही हात धरले आणि मुनशीच्या मराठीत काहीतरी लांबलचक म्हणाली. त्यातला 'उपकार' हा शब्द धनुबाईला कळला, आणि तो तिला कुसेपेक्षा जास्त बोचला.

पाटील पुढे कितीतरी दिवस बायकोशी बोलले नाहीत. जेवायचे, उठायचे, उघड्या बांबूंकडे बघत बसायचे. एका सकाळी धनुबाई ओसरीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होती, तेव्हा ते येऊन शेजारी बसले. बराच वेळ त्यांनीही शेंगा सोलल्या.

"माले मालूम व्हतं," ते एकदम म्हणाले.

कार्तिकातच त्यांना कळलं होतं. फुलाचा वास घ्यायला गेले आणि एक कोवळी शेंग दंडाला घासली. तो अख्खा दिवस त्यांनी मळ्यातल्या हौदात गळ्याइतक्या पाण्यात काढला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कार्तिकस्नानाचं पुण्य समजावून सांगितलं. मग वेल उपटला का नाही, तर उपटणारच होते. पण गेल्या साली तूप, दूध, कोंबड्या कुठे जातात हे त्यांनाही दिसत होतं. त्यांना रावसाहेब व्हायचं होतं, आंधळं व्हायचं नव्हतं. शिरस्तेदाराची खुर्ची मांडवाखाली टाकायची, एकदा त्याला प्रसाद मिळू द्यायचा, साहेबाला आणि मडमला अलीकडूनच पॅन्सी दाखवून परत न्यायचं, असा त्यांचा बेत होता.

धनुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. इतके दिवस ती एकटीच पापाची धनीण म्हणून झुरत होती. पहिल्यांदा तिला राग आला, मग दुसराच राग आला.

"मंग ती हात लावी ऱ्हायंती तवय तुम्ही काय करी ऱ्हायंतात?"

पाटील खाली बघत म्हणाले, "मी इंग्रजी जुळाई ऱ्हायंतू."

प्लीज मडम, इथपर्यंत आलं होतं. डू नॉट, हेही आलं होतं. पुढचा शब्द आठवेना. मास्तर मागे होते, त्यांना विचारावं म्हणून पाटील वळले, तेवढ्यात बायको बाजूने निघून गेली होती. धनुबाईने तोंडाला पदर लावला. हसू दाबायला गेली आणि ते नाकातून बाहेर आलं. पाटील आधी रुसले, मग त्यांनाही राहवलं नाही.

पुढच्या थंडीत तंबू कोरीटला आले नाहीत. ते शहाद्याकडे कळसाडीला पडले, कारण तिथल्या दिलवरसिंग गिरासे नावाच्या जमीनदाराने बाग केली होती. शिरस्तेदार बदलून दुसरा आला होता, त्यालाही पुष्कळ काही लागायचं, आणि ते कळसाडीच्या लोकांनी पुरवलं. यथावकाश दिलवरसिंग रावसाहेब झाले. त्यांनी मोठी पंगत दिली आणि हिंमतरावांना आग्रहाने बोलावलं. पाटील जाणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. पाटील गेले. घोडीवरून परत आले तेव्हा धनुबाई दारात उभी होती. माणूस मन मारून आला असेल, काय बोलावं, याचा ती विचार करत होती.

पाटलांनी घोडी भिलाच्या हातात दिली आणि ओसरीवर बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. दिलवरसिंगाने हॉलीहॉक पुढे लावलेत आणि पॅन्सी त्यांच्या मागे. लालाला लागून गुलाबी. पाणी दुपारी घालतात, पानं करपलीत सगळी. सांगता सांगता त्यांचा चेहरा असा फुलला की पदवी मिळाली असती तरी इतका फुलला नसता. उद्याच परत जाऊन सगळं नीट मांडून द्यावं लागेल, असं ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला विहिरीकडे निघाले.